ॲप लॅपटॉपवर चाललं म्हणजे शटर उघडलं असं नाही



"सर, कोडिंग शिकायचं, की सरळ डेव्हलपरला पैसे द्यायचे?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. माझं मत सांगतो. धंद्याचं ॲप डेव्हलपरकडूनच करून घ्या. पण त्याआधी एक छोटं वेब ॲप स्वतः बनवा आणि लाइव्ह करा. नुसतं बनवून ठेवलं तर निम्मं शिक्षण राहून जातं.

बनवायचं काय? उधारीची वही. नाव, रक्कम, तारीख आणि 'जमा' असं एक बटण, बस्स! पायथन आणि फ्लास्क घ्या, दोन्ही फुकट आहेत. नोंदी ठेवायला एसक्यूलाइट वापरा, म्हणजे अख्खी वही एकाच फाइलमध्ये. सुरू केलं की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:५००० या पत्त्यावर वही उघडते. पण हा पत्ता तुमच्याच लॅपटॉपचा. मित्राच्या मोबाईलवर टाकून बघा, वही उघडणार नाही. माल गोडाऊनमध्ये आलाय, शटर अजून बंद आहे.

शटर उघडणं म्हणजे डिप्लॉय करणं. कोड गिटहबवर टाकायचा आणि तिथून रेंडरसारख्या सेवेला जोडायचा. कोणत्या लायब्ररी लागतात, त्यांची यादी एका फाइलमध्ये द्यावी लागते. यादीत एखादं नाव राहिलं की लॅपटॉपवर मस्त चालणारं ॲप तिकडे सुरूच होत नाही. रेंडरच्या फुकट प्लॅनमध्ये १५ मिनिटं कोणी फिरकलं नाही की ॲप झोपतं. पुढच्या माणसाला ते उठेपर्यंत थांबावं लागतं.

खरा धडा यानंतर आहे. तिथली फाइल कायमची नसते. ॲप झोपून उठलं की तुम्ही लिहिलेल्या नोंदी गायब! मग कळतं की ॲप वेगळं आणि डेटा वेगळा. डेटाला स्वतंत्र डेटाबेस लागतो, त्याचा बॅकअप लागतो, आणि या दोन्हींची चावी कोणाकडे तरी असते.

ही चावी कोणाकडे आहे, हे न विचारल्यामुळे माझ्या ओळखीचा एक दुकानदार अडकला. ॲप करून घेतलं, पैसे दिले. काही महिन्यांनी डेव्हलपरने फोन उचलणं बंद केलं. डोमेन डेव्हलपरच्या नावावर, होस्टिंगचं लॉगिन त्याच्याकडे, बॅकअप कुठेच नाही. दुकान आपलं आणि पाटी दुसऱ्याच्या नावावर, अशी गत झाली. ज्याने एकदा स्वतः डिप्लॉय केलंय, तो पैसे देण्याआधीच विचारतो: डोमेन कोणाच्या नावावर? लॉगिन कोणाकडे? डेटा कुठे? बॅकअप कधी? कोड मला मिळणार का?

काही जण म्हणतील, "खाताबुकसारखी तयार ॲप आहेत, मग ही मेहनत कशाला?" बरोबर आहे. रोजच्या उधारीला तेच वापरा. आपलं ॲप सरावासाठी आहे. म्हणूनच त्यात खऱ्या ग्राहकाचं नाव किंवा मोबाईल नंबर टाकायचा नाही. लॉगिन नसेल तर लिंक मिळालेला कोणीही तुमची वही वाचू शकतो. आणि डेटाबेसचा पासवर्ड गिटहबवर कधीच टाकू नका. दुकानाची किल्ली कोणी दारावर टांगून ठेवतं का?

तर या आठवड्याचं काम असं. वही बनवा, लाइव्ह करा, लिंक एका मित्राला पाठवा आणि त्याला पाच खोट्या नोंदी करायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघा. नोंदी गेल्या असतील तर हिरमुसू नका, त्या का गेल्या ते शोधा. उत्तर सापडलं की मग खुशाल डेव्हलपरसमोर बसा.