सायलेन्सरमधला थंडावा फुकट नसतो

दर उन्हाळ्यात विज्ञानवार्तांमध्ये एक बातमी हमखास उगवते: अमुक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या उष्णतेवर गाडीचा एसी चालवला, इंधनखर्च शून्य! टाळ्या पडतात, अभिमान उफाळतो आणि त्या यंत्राचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. भौतिकशास्त्राचा संशोधक म्हणून मला याची चीड येते. मूळ कल्पना खरी आहे, म्हणूनच तिची ही थट्टा सोसवत नाही.

उष्णतेने थंडावा निर्माण करण्याची विद्या जुनी आहे. फ्रान्सच्या फर्डिनांड कारे यांनी १८५९ मध्ये अमोनिया आणि पाणी यांच्या जोडीवर चालणारे शीतयंत्र घडवले. गार पाणी अमोनिया शोषून घेते आणि तापवल्यावर सोडते; कॉम्प्रेसरचे बहुतेक काम असे उष्णताच करते. डिझेलमधील ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग धुरावाटे निघून जात असताना ही वाट मोहक वाटणारच.

आता हिशेब मांडू. महामार्गावर भरल्या ट्रकच्या धुरातून १५ किलोवॉट उष्णता मिळवली, असे धरा. एका एककामागे ०.४ एकक थंडावा मिळाला, तर तो ६ किलोवॉट होतो. केबिनला पुरून उरेल इतका. परंतु ती १५ आणि ही ६, अशी एकूण २१ किलोवॉट उष्णता ४५ अंशांच्या हवेत फेकावी लागते. त्यासाठी मोठा रेडिएटर हवा, पंखे हवेत, वजन वाढते. धुराच्या वाटेत अडथळा आला की इंजिन अधिक डिझेल पिते. शिवाय तोच ट्रक माल उतरवण्याच्या रांगेत उभा राहिला की धुरातली उष्णता ओसरते आणि नेमका गरजेच्या वेळी थंडावा आटतो. हे प्रश्न सुटण्याजोगे आहेत. मात्र ते बातमीत नसतात.

साडेतीन टनांहून जड मालवाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन केंद्र सरकारने २०२५ पासून नव्या उत्पादनासाठी बंधनकारक केले. निर्णय योग्यच आहे. पण कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. डिझेलचे पैसे मालक मोजतो, घाम चालक गाळतो. एसीचे बटण कोणाच्या मर्जीने दाबले जाईल, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. वाया जाणाऱ्या उष्णतेचे खरे मोल इथे आहे.

विजेच्या ट्रकला सायलेन्सरच नसेल, मग ही खटपट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आज विकलेला डिझेल ट्रक वर्षानुवर्षे रस्त्यावर राहणार आहे आणि त्यात बसलेला माणूसही.

म्हणून निधी देणाऱ्या संस्थांनी पहिल्या नमुन्याच्या उद्घाटनापेक्षा त्यानंतरच्या कंटाळवाण्या पाच वर्षांना पैसा द्यावा. भर मे महिन्यात, पूर्ण भाराच्या ट्रकवर चाचणी घ्यावी. यंत्राचे वजन, वाढलेला डिझेलखर्च आणि उभ्या ट्रकमधला थंडावा हे तीन आकडे जाहीर केल्याशिवाय यशाची घोषणा होऊ नये.

पुढच्या उन्हाळ्यात ती बातमी समोर आली, की टाळी वाजवण्यापूर्वी एवढेच विचारा: गाडी उभी असताना केबिन किती गार होती?