होडीला वारा हवा

गेल्या आठवड्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामा, देवबागच्या होडीला पावसाळ्यासाठी कव्हर घेतोय. दुकानदार म्हणतो, सगळ्यात जाड प्लास्टिक घ्या, घट्ट बांधा, पाच वर्षं बघायला नको. घेऊ ना?" मी घेऊ नको म्हणालो आणि मग जेवण निवेपर्यंत बोलत राहिलो. ते 'घट्ट बांधा' माझ्या डोक्यात गेलं होतं.  जूनमध्ये संध्याकाळी कर्ली खाडीच्या काठाने चालताना निळ्या प्लास्टिकात करकचून आवळलेल्या होड्या दिसतात आणि दर वर्षी तितकाच त्रास होतो. या हौशी होड्या खाडीच्या पाण्याने कमी आणि अशा बंदोबस्ताने जास्त मरतात.

आधी माहिती उरकतो. भाच्याची होडी सोळा फुटी, फायबरची, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. सुट्टीत घरच्यांना खाडीत फिरवून आणायचं, एवढंच तिचं काम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पर्यटकांच्या बोटी मेच्या शेवटी वर ओढतात. हौशी मंडळींची होडीही तेव्हाच वाळूवर येते आणि गणपतीच्या आगेमागे पुन्हा पाण्यात जाते. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. बाजारात मुख्यतः तीन प्रकारची कापडं दिसतात. विणलेल्या प्लास्टिकची हलकी ताडपत्री, पीव्हीसीचा थर दिलेलं ट्रकवरचं जड कापड, आणि अॅक्रिलिक किंवा पॉलिस्टरचं, होडीच्या मापाने शिवलेलं आवरण. पहिलं चौरस मीटरला शे-दोनशे ग्रॅम भरतं, दुसरं पाच-सहाशे, तिसरं तीनशेच्या घरात.

दुकानात सगळी चर्चा या ग्रॅमांवर चालते. उताराबद्दल कोणी विचारत नाही, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. होडी वरून उघडी असते, त्यामुळे कापड दोन्ही काठांवर टेकतं आणि मधे झोळ पडतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल एवढ्या झोळात पाणी साचलं तर त्याचं वजन १०० किलो होतं. आषाढात हे एका रात्रीत होतं. कापड ताणतं, खळगा आणखी खोल होतो, त्यात आणखी पाणी येतं. पातळ ताडपत्री या ओझ्याने फाटते आणि सगळं पाणी आत. जाड कापड फाटत नाही, ते समोरची काच फोडतं नाहीतर काठ आत ओढून घेतं. म्हणून आधी आढं हवं. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत मधोमध एक सरळ बांबू, त्याला खाली टेकू, दोन्ही बाजूंना पुरेसा उतार. नाळेखाली ओंडा सरकवून ती वर उचलायची आणि मागच्या तळाचं बूच काढून ठेवायचं. आत येणारं पाणी आपल्या पायाने बाहेर गेलं पाहिजे.

उतारानंतर वारा. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच ओली असते. दमटपणा दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांवर. अशा हवेत होडी घट्ट बांधली की आतली वाफ आतच फिरते, रात्री कापडाला आतून दंव धरतं आणि पहाटे तेच पुन्हा होडीत ठिबकतं. बाहेर उघडीप असली तरी आत पाऊस चालू. गणपतीनंतर अशी एक होडी उघडली तेव्हा मी त्या अंगणात उभा होतो. दोऱ्या सुटल्या आणि आंबूस वास अंगावर आला. गाद्यांवर काळी-हिरवी बुरशी, वायरींच्या टोकांना हिरवा कळंक. सुतार मागच्या फळीपाशी बसला. फायबरच्या होडीला जिथे इंजिन लावतात तिथे बहुतेक वेळा दोन थरांच्या मधे प्लायवूड असतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तो कडेकडेने ठोकत आला. कडेला टणक आवाज येत होता. इंजिनाच्या बोल्टांपाशी पोचल्यावर तो बद्द झाला. त्याने एक बोल्ट सैल केला तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं. प्लायवूडचा भुगा झाला होता. मालक नव्या कव्हरचं बिल दाखवत होते. कव्हर खरंच चांगल्या प्रतीचं होतं, एक थेंबही वरून गळला नव्हता.

त्याच अंगणात बसलेले एक म्हातारे तांडेल एवढंच म्हणाले, "होडयेक वारो लागाक व्हयो, नायतर ती आतसून कुजता." माझं अख्खं म्हणणं या एका वाक्यात आहे.

भाच्याने अमेरिकन व्हिडिओ पाहिले होते. तिकडे मिशिगन-मिनेसोटाच्या तळ्यांवरची होडी हिवाळ्यात घट्ट प्लास्टिकात गुंडाळतात, ते प्लास्टिक गरम हवेने आक्रसून अंगाला चिकटवतात. तिकडचा शत्रू बर्फ आहे. जाणते लोक त्यातही झरोके बसवतात, पण व्हिडिओत ते पटकन निघून जातं. श्वास घेणारं अॅक्रिलिकही तिकडच्या सरींसाठी उत्तम. आमची झड चार-चार दिवस थांबत नाही, तेव्हा ते कापड भिजून आतून ठिबकू लागतं. म्हणून मी भाच्याला सांगितलं, एकाच कापडाकडून दोन कामं मागू नकोस. वर पीव्हीसीचं छप्पर, होडीच्या काठापासून निदान हातभर उंच. खाली होडीच्या अंगावर साधं सुती किंवा पॉलिस्टरचं कापड, धूळ आणि पक्ष्यांपुरतं. मधून वारा खेळला पाहिजे. नाळ नैर्ऋत्येकडे, कारण वारा तिकडून येतो. त्या टोकाचं कापड खाली उतरवायचं आणि मागची बाजू उघडी ठेवायची. इंजिन गोड्या पाण्याने धुऊन, दोघांनी उचलून घरात, उभंच ठेवायचं. बॅटरीही घरात.

हे छप्पर तयार मिळत नाही, शिवून घ्यावं लागतं. हायवेलगत ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे कारागीर असतात, त्यांच्याइतकं या कापडाला कोणी ओळखत नाही. एकाच्या दुकानात मी मुद्दाम बसलो. दोन पट्टे जोडताना वरचा पट्टा खालच्यावर चढलेला हवा, कौलं चढवतात तसा, म्हणजे वाहतं पाणी शिवणीच्या तोंडात शिरत नाही. तो हे बोलला नाही, करून दाखवत होता. सुईच्या भोकांवरून गरम हवेचं यंत्र फिरवून पट्टी चिकटवली. कडेच्या दुमडीत दोरी घातली, आयलेटखाली कापडाचा आणखी एक तुकडा दिला, आयलेट पितळी घेतली. लोखंडी आयलेट खाऱ्या हवेत गंजते आणि गंज कापड खातो. होडीचे कोपरे जिथे घासणार तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवायला सांगितले. मे महिन्यात त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, ज्यांना शिवून घ्यायचंय त्यांनी शिमग्याच्या सुमारास जावं.

या दुकानात बसल्या बसल्या मला झापांची आठवण येत होती, आणि आता विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो. होड्या शाकारायला पूर्वी इथे प्लास्टिक नव्हतंच. नारळाची पडलेली चुडतं मधोमध चिरायची, खाडीच्या नाहीतर व्हाळाच्या पाण्यात भिजत घालायची, मऊ झाली की बायका अंगणात बसून झाप विणायच्या. पायाच्या अंगठ्याखाली दांडा दाबून ठेवायचा आणि पाती एकाआड एक सरकवत जायचं. हात इतके भरभर चालत की बघणाऱ्याला वीण कळायच्या आत झाप पुरा होई. बांबूच्या आढ्यावर हे झाप खालून वर एकावर एक चढवले की पाऊस घसरून जायचा आणि वारा आरपार जायचा. उतार आणि वारा, दोन्ही त्यात आपसूक असत. पावसाळा संपला की झाप चुलीत नाहीतर माडाच्या मुळाशी. खर्च सुंभाचा आणि मजुरीचा.

आज झाप हवे म्हटलं तर विणणारी बाई शोधावी लागते. तरुण मुलींनी ते शिकावं असं मी कोणत्या तोंडाने सांगू? एका झापाला मिळणारे पैसे आणि त्यात मोडणारी पाठ यांचा मेळ कधीच नव्हता. पण गोव्यातल्या शॅकना आणि तारकर्लीच्या रिसॉर्टना सजावटीसाठी झाप लागतात, त्यांना चांगला भाव मोजायला हरकत नाही. वाचकांपैकी कोणाच्या गावात अजून झाप विणून मिळत असतील तर गावाचं नाव आणि दर मला कळवा, मी ते या सदरात छापेन. हौशी होडीवाल्यांनी तरी छपराचा वरचा थर झापांचा करावा. खालचं पीव्हीसी उन्हापासून वाचून जास्त टिकेल.

कारण निळ्या ताडपत्रीचं पुढे काय होतं ते मी बघतो. उन्हाने ती चार-सहा महिन्यांत ठिसूळ होते, तिचे धागे सुटतात, वाऱ्याने चिंध्या होतात आणि भरतीबरोबर खाडीत जातात. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्यात त्या मासळीबरोबर येतात. त्या निळ्या चिंध्या हाताने एकेक सोडवाव्या लागतात. सोडवणाऱ्याची होडी तर त्या प्लास्टिकखाली नसते.

शेवटी भाच्याने पीव्हीसीचं छप्पर शिवायला टाकलं. आणखी एक गोष्ट मी त्याच्या गळी उतरवली. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हा इथल्या किती होड्यांची आवरणं शिडासारखी फुगून होडीसकट उलटली ते आम्ही पाहिलं आहे. असा वारा सुटणार म्हटल्यावर कोणीतरी जाऊन दोऱ्या कापायला हव्यात आणि कापड उतरवायला हवं. उघडीप मिळाली की खालचं कापड काढून होडीला दिवसभर ऊन दाखवायला हवं, उंदरांनी वायर कुरतडली का ते बघायला हवं. पुण्यात बसून हे होत नाही. शेजारच्या वाडीतला एक मुलगा हे करायला तयार झाला आहे. त्याचे चारही महिन्यांचे पैसे जून लागायच्या आत त्याच्या हातात ठेव, असं मी भाच्याला बजावलं आहे.