परदेशी वास्तव्य आणि आयुष्यभराची पुंजी

मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाते, तेथेच नोकरी मिळते आणि मग ग्रीन कार्डाची दीर्घ प्रतीक्षा सुरू होते. पुणे असो, इंदूर असो वा बडोदे, मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत ही कथा आता नवी राहिलेली नाही. प्रतीक्षेला कंटाळलेल्या अशा कुटुंबांसमोर एक पर्याय वारंवार ठेवला जातो : तेथील व्यवसायात पैसा गुंतवा आणि वास्तव्याचा हक्क मिळवा. हा मार्ग कायदेशीर आहे, यात शंका नाही. परंतु त्यासाठी लागणारी रक्कम पुष्कळदा आई-वडिलांच्या निवृत्तीच्या पुंजीतून वा वडिलोपार्जित घराच्या विक्रीतून उभी राहते. म्हणून व्हिसाचा विचार नंतर आणि गुंतवणुकीचा विचार आधी व्हावयास हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. एखादे लहानसे मोटेल वा दुकान विकत घेऊन ते स्वतः चालविणाऱ्यास अमेरिकेत ‘ई-२’ व्हिसा मिळू शकतो. मात्र ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे, त्यांच्याच नागरिकांना ही सवलत आहे आणि भारत त्या यादीत नाही. ग्रेनाडासारख्या करारबद्ध देशाचे नागरिकत्व पैसे भरून घ्यावे, असे काही सल्लागार सुचवितात. परंतु डिसेंबर २०२२ मधील कायद्याने अशा नागरिकांना त्या देशात किमान तीन वर्षे सलग वास्तव्याची अट घातली आहे. शिवाय भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वास स्थान नसल्याने आपले नागरिकत्व गमवावे लागते, ते वेगळेच.

उरतो तो १९९० मध्ये सुरू झालेला ‘ईबी-५’ हा मार्ग. मार्च २०२२ च्या सुधारित कायद्याने त्यासाठी साधारणतः १० लाख ५० हजार डॉलर, तर ग्रामीण वा अधिक बेरोजगारीच्या भागात ८ लाख डॉलर अशी किमान गुंतवणूक ठरविली. त्यातून १० पूर्णवेळ रोजगार निर्माण व्हावे लागतात. चालता व्यवसाय विकत घेतल्यास तेथे आधीपासून असलेले कर्मचारी सामान्यतः या १० जणांत धरले जात नाहीत. सुरुवातीस मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांचे व सशर्त असते. अट पूर्ण झाल्याचे सिद्ध करता आले नाही, तर वास्तव्यही धोक्यात येते आणि पैसाही.

येथे मुदत ठेवीची सवय असलेल्या ग्राहकाने विशेष सावध राहावे. या योजनेत भांडवल जोखमीत असलेच पाहिजे; मुद्दल परत मिळण्याची हमी दिलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने गुंतवणूकच ठरत नाही. तेव्हा जो दलाल व्हिसा आणि मुद्दल या दोहोंची खात्री देतो, त्याच्या शब्दावर विसंबू नये. व्हरमाँट राज्यातील ‘जे पीक’ प्रकरण या संदर्भात आठवावे. शेकडो परदेशी गुंतवणूकदारांकडून ३५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमविणाऱ्या या प्रकल्पांवर तेथील रोखे नियामकाने २०१६ मध्ये कारवाई केली. त्यांपैकी जीववैद्यकीय संशोधनाचा प्रकल्प कधी उभाच राहिला नाही.

आता पैसा येथून नेण्याचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. म्हणजे आई व वडील मिळून परदेशस्थ मुलास वर्षाला अधिकाधिक ५ लाख डॉलर भेट देऊ शकतात. शिवाय वर्षाकाठी १० लाख रुपयांवरील अशा रकमेवर २० टक्के दराने स्रोतावर कर गोळा केला जातो. एक कोटी रुपये पाठविणाऱ्यास त्याखेरीज १८ लाख रुपये बँकेत भरावे लागतात. विवरणपत्र भरताना ते समायोजित होतात वा परत मिळतात, हे खरे. पण तोवर ते अडकून पडतात.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. व्हिसा मिळणार नसता, तर हा व्यवसाय आपण विकत घेतला असता काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर आपण गुंतवणूक करीत नसून शुल्क भरीत आहोत, हे ओळखावे. ते परवडत असल्यास जरूर भरावे. मात्र राहते घर, औषधोपचारांची तरतूद आणि नियमित उत्पन्न देणाऱ्या ठेवी यांना हात लावू नये. मुलांनीही तशी अपेक्षा धरू नये. सत्तरीनंतर ही पुंजी नव्याने उभारता येत नाही.

बँक कर्मचाऱ्यांचीही येथे एक जबाबदारी आहे. ‘ए-२’ अर्ज बिनचूक भरून घेणे हे कर्तव्य झाले. परंतु ज्येष्ठ ग्राहक मोठी ठेव मुदतीपूर्वी मोडू लागला, तर दोन मिनिटे थांबून ‘काका, पुढील खर्चाची सोय केली आहे ना?’ एवढे विचारण्यास कोणताही नियम आड येत नाही. निर्णय अर्थात ग्राहकाचाच. तो पूर्ण माहितीनिशी घेतला जावा, एवढेच आपल्या हाती आहे.