पितळी बॅटरी भंगारात घालू नका



गहू-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस आहेत. आठवड्यातले काही दिवस लाईट रात्रीची, म्हणजे अर्धा गाव रात्री रानात. म्हणून आज खत-औषधाचं नाही, हातातल्या बॅटरीचं लिहितो. बॅटरी म्हणजे टॉर्च, शाळेच्या पुस्तकातली विजेरी. ट्रॅक्टरची नव्हे.

आमच्याकडे भंगारवाला दर महिन्याला येतो आणि जुन्या पितळी बॅटऱ्या किलोवर घेऊन जातो. ज्या घरातून ती जाते त्याच घरात आठवडी बाजारातून प्लास्टिकची चार्जिंगची येते. सगळ्यांना वाटतं आपण सुधारलो. मला वाटतं हा सौदा तोट्याचा आहे, आणि तोटा नुसत्या पैशाचा नाही.

त्या प्लास्टिकच्या बॅटरीचं पोट कुणी उघडून बघितलंय का? मी बघितलंय. आमच्या वस्तीवरच्या बंद पडलेल्या गोळा केल्या, अकरा निघाल्या. बहुतेकींत ४ व्होल्टची शिशाची छोटी बॅटरी. आपल्या मोटारसायकलच्या बॅटरीची धाकटी बहीण. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव आपल्याला माहीत आहे, उतरलेली ठेवली की आत सल्फेटचा थर धरतो आणि ती मरते. आता आपण काय करतो? रात्री पूर्ण उतरेस्तोवर वापरतो, सकाळी खुंटीला अडकवतो, पुढच्या पाळीला आठवण येते. मग रात्रभर चार्जिंगला. यातल्या बऱ्याच बॅटऱ्यांत चार्ज पूर्ण झाल्यावर बंद होण्याची सोयच नाही, म्हणजे तिथंही ती शिजते. एक-दोन हंगामात खेळ खलास. आत नवीन बॅटरी टाकावी म्हटलं तर खोकं चिकटवलेलं. उघडताना फुटतं. ते उघडण्यासाठी केलेलंच नाही.

दुसरी गोष्ट. मागून सरकवून दोन पिना बाहेर काढायच्या आणि थेट बोर्डात खुपसायची, असा जो प्रकार आहे त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर, चार डायोड, झालं. घरची २३० व्होल्टची लाईन आणि आतल्या तारा यांच्यात आडवं काहीच नाही. प्लास्टिकला तडा गेला, ओला हात लागला, तर झटका घरच्या लाईनचाच. लहान पोरं चार्जिंगला लावलेलीच बॅटरी चालू-बंद करत बसतात, त्यांच्या आयांना हे सांगा.

"दादा, दीडशे-दोनशे रुपयांची तर येते, गेली की दुसरी घ्यायची," असं तरुण मंडळी म्हणतात. अरे, दर वर्षी दोनशे म्हणजे दहा वर्षांचे दोन हजार, आणि दहा वर्षांनी हातात काय? काही नाही. शिवाय ती कधी जाते? दिवसा खुंटीवर टांगलेली असताना जात नाही, मधल्या बांधावर जाते.

आणि मोबाईलवाले. त्यांच्याशी माझं खरं भांडण आहे. मोबाईलचा उजेड पसरट असतो, चार-पाच पावलांपुढं काही धड दिसत नाही. एका हातात फावडं, एका हातात मोबाईल, दारं मोडायचं कशानं? तो पाटात पडला की गेला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मोबाईल रात्री रानात बोलण्यासाठी ठेवायचा असतो. पायाला काही डसलं तर १०८ लावायला त्यात चार्ज पाहिजे. उजेडासाठी तो संपवून बसलात तर हाक कुणाला मारणार?

डसण्याचं बोललो म्हणून आकडा सांगतो, कृषी खात्यातली आणि विद्यापीठातली मंडळीही हे पान वाचतात म्हणून मुद्दाम. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली असा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. मण्यार तर रात्रीच फिरते. आपल्या राज्यात शेतकरी सर्पदंशानं गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसाला २ लाख मिळतात. मिळावेतच. पण माणूस गेल्यावर दोन लाख, आणि तो जिवंत असताना त्याच्या हातात कसला उजेड आहे हे कुणी विचारत नाही. मी दर वर्षी मेळाव्यांना जातो. ड्रोन झाला, ठिबक झालं, मोबाईलवर हवामान झालं. रात्री पाणी धरणाऱ्याच्या पायापुढं किती फूट दिसतं, यावर एक भाषण ऐकलं नाही. सौर वाहिनी येणार, दिवसा लाईट मिळणार हे मलाही माहीत आहे, आणि ज्या गावांत आली तिथले लोक सुखी आहेत. जिथं आली नाही तिथं आज रात्री पाणी द्यायचंच आहे.

आता पितळी बॅटरीचं. जुनं ते सोनं म्हणणारा मी नाही. जुन्या बॅटरीचा उजेड वाईटच होता. एव्हरेडी घ्या नाहीतर जीप, दोन मोठे सेल आणि अडीच व्होल्टचा तारेचा बल्ब. हा बल्ब पाऊण वॉट खातो, त्यातली बहुतेक उष्णताच होते. सेल जरा उतरले की उजेड पिवळा, मग तांबडा. आणि सेल आत विसरले तर जस्ताचं कवच फुटून खारट चिकट पाणी बाहेर येतं, स्प्रिंग खातं. तेवढ्यावरून लोकांनी ती अडगळीत टाकली. पण त्यात वाईट काय होतं? बल्ब आणि सेल. नळा, काच, आरसा, बटण, फिरणारं तोंड, हे सगळं आजही बाजारात मिळणाऱ्यापेक्षा सरस आहे. बैल म्हातारा झाला म्हणून कुणी गाडी जाळतं का?

मी काय केलं ते सांगतो. मोठा सेल, ज्याला इंग्रजीत डी म्हणतात, तो साधारण ३४ मिलिमीटर जाड आणि ६१ लांब. दोन सेलच्या नळ्यात सव्वाशेच्या आतबाहेर मिलिमीटर जागा. सौर दिव्यांत येतो तो लिथियम फॉस्फेटचा ३२७०० मापाचा सेल ३२ मिलिमीटर जाड, ७० लांब. नळ्यात असा बसतो की जणू त्याच्यासाठीच केलाय. व्होल्ट ३.२, म्हणजे दोन नव्या साध्या सेलांच्या ३ व्होल्टच्या जवळच. उरलेल्या जागेत टिकावाच्या मोडक्या दांड्याचा तुकडा कापून, तासून घातला. मधून आरपार बोल्ट, दोन्ही टोकांना वॉशर, स्प्रिंगच्या बाजूला. सेल बल्बकडं, डोकं वर. नळा घट्ट बसला पाहिजे, खडखड वाजला तर चालताना उजेड लुकलुकतो.

बल्बच्या जागी तसल्याच बैठकीचा एलईडी बल्ब मिळतो. त्याच्या पाकिटावर ३ ते ४.५ व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं बघून घ्या. तारेच्या बल्बाला उलटं-सुलटं कळत नव्हतं, एलईडीला कळतं. पेटला नाही तर जळाला असं समजून फेकू नका, आधी सेलची दिशा बघा. एक वॉटचा एलईडी या ६००० च्या सेलवर पंधरा तास तरी सहज चालतो, आणि शेवटपर्यंत जवळपास एकसारखा. या सेलचा व्होल्ट हळूहळू घसरत नाही, बराच वेळ सपाट राहतो, म्हणून. उलट बाजूनं हेही खरं की संपायला आला की लवकर संपतो. पूर्वीसारखी तांबड्या उजेडाची सूचना मिळत नाही. त्यामुळं पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चार्ज करायचाच. तीन वॉटचा एलईडी घालायचा असेल तर त्याची अॅल्युमिनियमची चकती बॅटरीच्या तोंडाच्या धातूला चिकटून बसली पाहिजे, म्हणजे उष्णता पितळेत उतरते. प्लास्टिकमध्ये ती जाणार कुठं?

उजेडाच्या मध्ये काळं भोक दिसलं तर एलईडी आरशाच्या मध्यबिंदूवर नाही. तोंड फिरवून बघा, नाहीच जमलं तर खाली पातळ वॉशर घालून थोडा वर उचला.

बटणातली पितळी पट्टी काळी पडलेली असते, बारीक सँडपेपरनं घासा. निम्म्या "बिघडलेल्या" बॅटऱ्या एवढ्यानंच सुरू होतात.

सगळं मिळून मला साडेचारशेच्या आसपास पडलं, चार्जर धरून. या जातीचा सेल दोन हजार वेळा चार्ज होतो असं सांगतात. निम्मा हिशेब धरला तरी माझं म्हातारपण निघेल. आणि मेला तर दोन बोटांनी काढून दुसरा घालता येतो. माझा सगळा वाद एवढ्यासाठीच आहे: रात्री ज्याच्यावर जीव टाकायचा ती वस्तू आपल्याला आपल्या हातानं उघडता आली पाहिजे.

ज्यांना डोक्याला लावायची बॅटरी आवडते त्यांनी वापरावी, दारं मोडताना दोन्ही हात मोकळे राहतात, हे मी मान्य करतो. पण चालताना हातातलीच धरा, गुडघ्याच्या उंचीवर, उजेड आडवा जाऊ द्या. डोक्यावरचा उजेड आपल्या नजरेच्याच रेषेत जातो, त्यामुळं वस्तूची सावली वस्तूमागं लपते आणि घोणस वाळल्या पाचटात पाचटासारखीच दिसते. खालून आडवा उजेड टाकला की प्रत्येक ढेकळाला, प्रत्येक वेटोळ्याला सावली पडते. उसाच्या कडेला बिबट्याचा संशय असेल तर मात्र उलटं. बॅटरी कानशिलाजवळ धरून फिरवा, जनावराचे डोळे तेव्हाच चमकतात. आमच्या प्रवरेच्या पट्ट्यात हे पोरासोरांना पण माहीत असायला पाहिजे.

आता फसवणुकीचं, कारण हे वाचून कुणीतरी उद्याच दुकानात जाईल. १८६५० नावाचा बारीक सेल असतो, त्यावर ९९०० छापलेलं दिसलं तर हात जोडा आणि निघा. त्या मापात चांगल्यातल्या चांगल्या सेलची ताकद साडेतीन हजाराच्या आसपास असते. जुन्या लॅपटॉपचे काढलेले सेल स्वस्तात देतात, ते कोणत्या हालतीत आहेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आवरण फाटलेला सेल धातूच्या नळ्यात घालायचाच नाही. दोन सेलच्या बॅटरीत दोन लिथियम सेल घालायचे नाहीत, व्होल्ट दुप्पट होऊन एलईडी क्षणात जाईल. आणि लिथियम फॉस्फेटच्या सेलला चार्जर ३.६५ व्होल्टचाच पाहिजे. मोबाईलच्या जातीच्या सेलचा चार्जर ४.२ पर्यंत नेतो, तो याला लावला तर सेल खराब होतो. दुकानदार "चालतंय" म्हणेल. चार्जरवर काय छापलंय ते तिथंच उजेडात वाचून घ्या.