आतला चावीवाला

परवा ऑफिसात हेल्थ चेकअप होतं. शेजारच्या क्युबिकलमधला मित्र, वय ३१, हसत हसत बाही वर करून बसला. आकडा आला १४८/९६. ‘मशीन बिघडलंय यार!’ पाच मिनिटांनी परत मोजलं. मशीन ठणठणीत होतं.

बीपी म्हणजे हार्टचा मामला, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं. हृदय हा पंप. आपण निवांत बसलेलो असतानाही तो मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतो. पण कुठे किती रक्त जाणार आणि दाब किती राहणार, हे बरंचसं ठरवतात बारीक धमन्या. पाणी सोडणारा चावीवाला आठवा. टाकी एकच, पण कुठल्या गल्लीला किती पाणी, हे त्याच्या हातात!

या धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळले की नळी अरुंद, सैलावले की रुंद. आणि हिशेब भन्नाट आहे. नळीची रुंदी निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाला रक्त जातं फक्त सोळावा हिस्सा. म्हणजे चावी जराशी फिरली तरी केवढा फरक!

जेवलात की पोटाची चावी सुटते, जिममध्ये हातापायांची. खुर्चीतून उठलात की अर्धा लिटरभर रक्त खाली उतरतं. मानेतल्या धमनीतले सेन्सर लगेच मेंदूला कळवतात, हृदय वेग घेतं, धमन्या आवळतात, आणि तुम्हाला चक्कर येत नाही.

‘सैल हो’ हा निरोप देतो नायट्रिक ऑक्साइड, धमनीच्या अस्तरातच तयार होणारा वायू. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चं नोबेल मिळालं. भरभर चाललात की रक्ताच्या घर्षणाने हा वायू जास्त तयार होतो. सिगरेट मात्र त्या अस्तराचीच वाट लावते. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला, तर भिंती जाड आणि कडक होतात. चावी गंजते म्हणा ना. आणि बहुतेकदा दुखत-खुपत काहीच नाही, हीच गोची.

एका आकड्यावरून घाबरू नका, पण तो विसरूही नका. मोजण्याआधी अर्धा तास चहा-सिगरेट बंद, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा. दोन-चार दिवस मोजूनही आकडा चढाच असेल, तर डॉक्टर गाठा. मित्राने गाठला. हल्ली तो चौथ्या मजल्यावर जिन्याने येतो. धापा टाकत, पण येतो!