गल्लीची पत

काशीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात उभारले ते अहिल्याबाई होळकरांनी. भोसले घाट, शिंदे घाट ही नावे आजही आपली ओळख सांगतात, आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. असे असूनही आपला यात्रेकरू स्नान, दर्शन आणि गंगाजलाचा गडू एवढ्यावरच समाधान मानून परततो. ज्या गल्ल्यांतून तो देवळाकडे जातो, त्यांच्याकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक काशीच्या लोकजीवनाचे खरे दर्शन तेथेच घडते.

सकाळी कचौरी गल्लीत शिरावे. उडदाच्या डाळीचे सारण भरलेली कचोरी, बटाटा-हरभऱ्याची रस्साभाजी आणि सोबत गरम जिलबी, हा येथील माणसाचा रोजचा न्याहारीचा थाट. सायंकाळी गोदौलिया-दशाश्वमेधाच्या बाजूला टोमॅटो चाट मिळते. टोमॅटो आणि बटाटा तव्यावर घोटून, वर तूप, जिऱ्याचा पाक व कुरकुरीत नमकपारे घालून ती द्रोणात किंवा मातीच्या कुल्हडात देतात. आपल्याकडील तांबट आळीची आठवण करून देणाऱ्या ठठेरी बाजारात पितळी भांड्यांच्या शेजारीच मिठाईची जुनी दुकाने आहेत. जेवणानंतरच्या पानाविषयी तर काय सांगावे! बनारसी पानाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते एका अर्थाने अनामिक पानवाल्यांच्या कसबाचेच प्रमाणपत्र आहे.

मात्र या सर्वांत मला अधिक विचार करायला लावते ती ‘मलइयो’. आटवलेले दूध थंडीच्या रात्री उघड्यावर दवात ठेवायचे, पहाटे घुसळायचे आणि वर येणारा केशर-वेलचीचा फेस कुल्हडात भरून विकायचा. ऊन चढले की फेस बसतो. म्हणजे आदल्या दिवशी दुधात गुंतवलेले भांडवल काही तासांतच मोकळे व्हावे लागते, अन्यथा ते बुडाले. उरलेला माल उद्यासाठी ठेवण्याची सोय नाही, आणि धंदाही हिवाळ्यातील काही महिन्यांचाच. खेळत्या भांडवलाचा इतका काटेकोर हिशेब मोठ्या कारखानदारालाही क्वचितच करावा लागत असेल.

अशा व्यावसायिकाकडे तारण ठेवण्याजोगे काय असते? जमीन नाही, यंत्रसामग्री नाही. त्याची खरी मालमत्ता म्हणजे हाताची चव आणि बसण्याची ठरलेली जागा. रोजच्या जागेवर तो रोज दिसतो, म्हणून दूधवाला त्याला उधारीवर दूध देतो आणि गिऱ्हाईक परत येते. पत म्हणतात ती हीच. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री स्वनिधी योजनेने या पतीला प्रथमच बँकेच्या वहीत मोठ्या प्रमाणावर स्थान दिले. विनातारण १०,००० रुपये, वेळेवर फेड केल्यास २०,००० आणि पुढे ५०,०००, अशी तिची पायरी होती. २०२५ मध्ये पहिले दोन हप्ते अनुक्रमे १५,००० व २५,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आले. नियमित फेडीवर व्याजात सात टक्के सवलत आणि डिजिटल व्यवहारांवर परतावाही मिळतो. ही दिशा निश्चितच स्वागतार्ह आहे.

परंतु पत ज्या जागेवर उभी असते ती जागाच हलली तर? जून २०२५ मध्ये रस्तारुंदीकरणासाठी लंका भागातील ‘चाची की कचौरी’ आणि ‘पहलवान लस्सी’ ही नामांकित दुकाने पाडली गेली. पहिले शंभर वर्षांहून जुने मानले जाई. रुंदीकरणाला कारण नव्हते असे म्हणता येणार नाही. हिंदू विश्वविद्यालय आणि तेथील मोठे रुग्णालय याच भागात आहे, आणि रुग्णवाहिकेला वाट मिळणे हे कोणत्याही लस्सीपेक्षा महत्त्वाचेच. प्रश्न आहे तो हटवल्यानंतरच्या व्यवस्थेचा. बांधकामाची भरपाई रुपयांत मोजता येते. पिढ्यांच्या सवयीने जमलेल्या गिऱ्हाइकाची कशी मोजणार?

पक्क्या दुकानांचे हे, तर हातगाडीवाल्याचे काय होत असेल! त्याच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवू नये, स्थलांतर करायचे तर तीस दिवसांची सूचना द्यावी, नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत, अशा तरतुदी त्यात आहेत. कायदा उत्तम आहे, अंमलबजावणी मात्र गावोगावी वेगवेगळी दिसते.

मार्ग नाही असे नाही. होळकरांच्याच इंदूरमध्ये सराफ्यातील पेढ्या रात्री बंद झाल्या की त्याच जागी खाद्यबाजार भरतो. एकाच जागेवर दोन व्यवसाय सुखाने नांदतात. सिंगापूरने १९७० व ८० च्या दशकांत रस्त्यावरील विक्रेत्यांना पाणी आणि मलनिस्सारणाची सोय असलेल्या केंद्रांत वसवले. त्याच खाद्यसंस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. आपल्याकडेही अहमदाबादच्या कांकरिया परिसराला २०१८ मध्ये ‘स्वच्छ स्ट्रीट फूड हब’ म्हणून मान्यता मिळाली. स्वच्छता आणि उपजीविका यांचे वैर नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

विश्वनाथ धामाचे लोकार्पण १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले आणि काशीत भाविकांचा ओघ कितीतरी वाढला. या गर्दीचा लाभ मोठ्या हॉटेलांपुरता न राहता द्रोण भरणाऱ्या हातांपर्यंत पोहोचावा, असे मला मनापासून वाटते. कर्ज देताना बँकेने विक्रेत्याचे प्रमाणपत्र पाहावे, तसे नगरपालिकेने त्याला हटवताना त्याचे कर्जखातेही पाहावे. नव्या जागेचा कागद हाती पडेपर्यंत जुनी जागा हलवू नये. आणि आपण ग्राहकांनी काशीला गेल्यावर एक सकाळ गल्लीसाठी राखून ठेवावी, भाव न पाडता खावे आणि रिकामा कुल्हड ठरलेल्या टोपलीतच टाकावा.