नुसती सुपारीसुद्धा

ग्वाम हे पश्चिम प्रशांत महासागरातलं, अमेरिकेच्या अखत्यारीतलं बेट. वस्ती जेमतेम दीड लाखाची. तिथले मूळ रहिवासी चामोरो. त्यांच्या घरांत कुणी वारलं आणि जपमाळेच्या प्रार्थनेला माणसं जमली, की त्यांच्यापुढे सुपारी येते. चामोरो माणूस बहुधा नुसती सुपारीच चघळतो, फार तर विड्याच्या पानासोबत, आणि ती गिळून टाकतो. त्याच बेटावर याप, चुक अशा मायक्रोनेशियातल्या बेटांवरून आलेले शेजारी मात्र कोवळी सुपारी घेतात, तीत चुना आणि तंबाखू घालतात, पानात गुंडाळून चघळतात आणि थुंकतात. सवय एकाच नावाची, पण तोंडात जाणारा ऐवज वेगळा.

अमेरिकी सरकारच्या कागदांवर हे सगळे वर्षानुवर्षं 'आशियाई किंवा प्रशांत बेटवासी' या एकाच रकान्यात होते. न्यू जर्सीतला मराठी इंजिनिअरही त्याच रकान्यात. १९९७ मध्ये तो रकाना तोडून हवाईचे मूळ रहिवासी आणि इतर बेटवासी वेगळे काढले गेले. ही कारकुनी दुरुस्ती नव्हती. त्या रकान्याने माणसं दगावत होती, असंच मी म्हणेन.

कारण हवाईत सापडतं. १९९३ मध्ये हवाई विद्यापीठाचे लॉरेन्स कोलोनेल आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ब्रायन हेंडरसन यांनी हवाई आणि लॉस एंजेलिसमधल्या दोन लाखांहून अधिक लोकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. मूळ हवाईयन, जपानी वंशाचे, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गोरे अशा पाच समाजांचा. त्यातल्या १,८३,८१३ जणांचा आठ वर्षांचा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला तीसपर्यंत सिगारेटी ओढणाऱ्यांमध्ये, सिगारेटी तेवढ्याच असल्या तरी, गोऱ्यांपेक्षा मूळ हवाईयन आणि कृष्णवर्णीय यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त निघाला. जपानी वंशाच्या लोकांना कमी. आता जपानी आणि हवाईयन यांची सरासरी काढून पाहा. एकाचा कमी धोका दुसऱ्याचा जास्त धोका गिळून टाकतो आणि कागदावर सगळं ठीकठाक दिसतं.

म्हणून सगळं रक्तातच लिहिलेलं असतं, असा अर्थ कुणी काढू नये. निकोटिनचा निचरा करणारं यकृतातलं एक विकर बऱ्याच जपानी लोकांत मंद असतं, हे खरं. पण जपानहून हवाईत स्थायिक झालेल्यांच्या पुढच्या पिढ्यांत जठराचा कर्करोग घटला आणि मोठ्या आतड्याचा व स्तनाचा वाढला, हेही तितकंच खरं. रक्त तेच राहिलं, ताट बदललं.

आणि नुसतं मोजून भागत नाही. मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ च्या 'ब्राव्हो' स्फोटाची राख तिथल्याच राँगेलाप बेटाच्या वस्तीवर पडली आणि तेव्हाच्या मुलांमध्ये पुढे थायरॉइडच्या गाठी आणि कर्करोग दिसू लागले. नंतरच्या करारामुळे मार्शलच्या लोकांना अमेरिकेत राहण्याचा, काम करण्याचा हक्क मिळाला. बरेच जण हवाईत आले. १९९६ च्या एका कायद्याने त्यांची मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना काढून घेतली. ती परत मिळाली डिसेंबर २०२० मध्ये. मधल्या २४ वर्षांत खिशात पैसे नसलेली बाई स्तनाची तपासणी वेळेवर कुठून करून घेणार? ज्यांच्या डोक्यावर अणुराख पाडली, त्यांनाच दवाखान्याचं दार बंद करणं हा अन्याय आहे; त्याला दुसरा शब्द नाही.

आता पुन्हा सुपारीकडे येतो, कारण इथे आपलाही संबंध येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं. हवाई विद्यापीठाचं कर्करोग केंद्र आणि ग्वाम विद्यापीठ २००३ पासून एकत्र काम करतात. त्यांनी आधी कोण काय चघळतं, कशात घालून, गिळतं की थुंकतं, हे समाजवार विचारून घेतलं. मग ग्वाम आणि सायपान या बेटांवर, तंबाखू घालून सुपारी खाणाऱ्यांसाठी, धूम्रपान सोडवण्याच्या पद्धतीवर बेतलेला समुपदेशनाचा कार्यक्रम चाचणी म्हणून राबवला. समुपदेशन मिळालेल्यांत सवय सोडणारे जास्त निघाले. म्हणजे सुपारी सुटते, पण तिच्याबद्दल कुणीतरी बोलावं लागतं.

आपण बोलतो का? महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, शाळा तंबाखूमुक्त करण्याच्या मोहिमा निघाल्या. या कामाचं मोल मोठंच आहे. पण त्या साऱ्या बोलण्यात सुपारी बिचारी निर्दोष राहते. ती तर पूजेत असते, मानपानात असते, बडीशेपेत कातरून घातलेली असते. विदर्भात खर्रा खाणाऱ्या पोराला तंबाखूचा धोका निदान ऐकून तरी माहीत असतो. जेवणानंतर सुपारीचं खांड तोंडात टाकणाऱ्या कोकणातल्या आजीला "तंबाखू खाता का?" असं विचारलं, तर ती खरं तेच सांगते, "नाही." तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तरी तिला सुपारीचा संशय येत नाही.

तपासणी शिबिरांच्या फॉर्मवर सुपारीचा स्वतंत्र प्रश्न हवा. किती खाता, कशासोबत, कधीपासून, गिळता की थुंकता. आशाताईंच्या प्रशिक्षणातही तो हवा, कारण असं घरात बसून विचारणं त्यांनाच जमेल. छपाईचा खर्च कागदाच्या चार ओळींचा आहे. आरोग्य विभागाने पुढचे फॉर्म छापायला टाकण्याआधी तेवढं करावं.